बाभळीत अडकलेला चेंडू: बाजूला ड्रॉप की मागे?

नागपुरात मे महिन्यात जमीन फरशीसारखी कडक होते, गोल्फमध्ये ड्रॉप केलेला (हातातून खाली सोडलेला) चेंडू टणकन उडून पळतो. म्हणून एका मित्राचा प्रश्न रास्त: चेंडू बाभळीखाली अडकून खेळताच येत नसेल, तर बाजूला ड्रॉप घ्यावा की मागे?

दंड सारखाच, एक फटका. ड्रॉपही दोन्हीकडे गुडघ्याच्या उंचीवरूनच. खांद्यावरून टाकायची पद्धत 2019 मध्येच गेली.

फरक जागेत आहे. बाजूला फक्त दोन क्लब-लांबी मिळतात (क्लब म्हणजे खेळायची काठी; ड्रायव्हर या सर्वांत लांब काठीने मोजा, साधारण साडेसात फूट), तेही होलच्या जवळ न जाता. मोठी बाभूळ असेल तर फांद्या तिथेही नडतातच. मागे जाताना होल आणि चेंडू यांच्या सरळ रेषेवर हवे तितके मागे जा. 2023 पासून चेंडू टेकला तिथून एक क्लब-लांबीत थांबला, थोडा पुढे सरकला तरी, चालतो.

चेंडू या हद्दीबाहेर घरंगळला तर पुन्हा ड्रॉप. दुसऱ्यांदाही गेला, तर त्या वेळी जिथे टेकला तिथे हाताने ठेवायचा. उतारावर हे सोयीचंच!

झुडूप लहान असेल तर बाजूला घ्या. झाड पसरट आणि मागे मैदान मोकळं असेल, शिवाय लांब फटक्याचा भरवसा असेल, तर मागेच जा.