पृष्ठलहरींच्या प्रोबनं पोलादाचा ‘रवा’ मोजताना: वर्कशॉपमधले आठ महिने

सुरुवातीलाच सांगून टाकतो, प्रोब (हातात धरायचा टोकाचा भाग) टेकवून पोलादात आवाजाची लाट सोडणारं हे मशीन ग्रेन साइज, म्हणजे पोलादातल्या बारीक कणांचा, ‘रव्या’चा आकार, मोजत नाही. विकणाऱ्यानं मात्र तसंच सांगितलं होतं. “प्रोब टेकवा, स्क्रीनवर नंबर येईल.” नंबर येतो, पण तो डेसिबलचा, म्हणजे परत आलेला आवाज किती उतरला त्याचा. त्यावरून ग्रेन किती हे काढायचं ते आपणच, आणि त्यासाठी आधी बरीच हमाली करावी लागते. हे उमगायला मला दीड महिना लागला. तेवढ्यात दोनदा मशीन परत करायला निघालो होतो. आता विकायचा विचार नाही.

माझं वर्कशॉप हिंगणघाटच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. वखराच्या आणि डवऱ्याच्या पाशी (मातीत चालणारी लोखंडी पाती), रोटाव्हेटरची पाती, अधूनमधून जिनिंगवाल्यांचे शाफ्ट अशी कामं. पाशींसाठी बहुतेक ईएन ४५, म्हणजे कमानपाट्याचं पोलाद. गेल्या उन्हाळ्यात एका लॉटमधल्या पाशी तुटून परत यायला लागल्या. वाकल्या असत्या तर समजलो असतो. या बोल्टच्या छिद्राजवळून काचेसारख्या तुटल्या होत्या. हार्डनेस तपासला तर सगळ्यांचा जागच्या जागी. आमच्या मिस्त्रींनी तुटलेला तुकडा उन्हात धरला, जरा तिरपा केला आणि म्हणाले, “भाऊ, जाडा रवा हाय हा. भट्टीत लय शिजलं थे.”

तुकडे नागपूरच्या लॅबला पाठवले. तिथं तुकडा कापतात, बेकेलाइटमध्ये बसवतात, एमरी पेपरवर घासत आरशासारखा करतात, नायटल (कण दिसावेत म्हणून लावायचं सौम्य आम्ल) लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पट मोठा करून पाहतात. तुटलेल्या पाशीचा ग्रेन नंबर निघाला ३, चांगल्या पाशीचा ७. हा नंबर उलटा चालतो: नंबर जितका मोठा, ग्रेन तितका बारीक. दोन नंबर चढले की ग्रेनचा व्यास निम्मा होतो. ३ म्हणजे साधारण १२७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि ७ म्हणजे ३२, चौपटीचा फरक. मिस्त्रींनी लॅबशिवाय जे सांगितलं तेच लॅबनं आठवड्यानं पैसे घेऊन सांगितलं. पण मिस्त्रींच्या पद्धतीत तुकडा मोडावा लागतो आणि लॅबच्या पद्धतीत कापावा लागतो. मला तुकडा शाबूत ठेवून तपासायचा होता. म्हणून हे मशीन घेतलं. जुना फ्लॉ डिटेक्टर (आवाजाच्या लाटेनं धातूतले दोष शोधणारं यंत्र), नव्याच्या निम्म्या किमतीत, आणि त्यासोबत ५ मेगाहर्ट्झचा पृष्ठलहरींचा प्रोब.

पृष्ठलहर म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. लॉर्ड रेले यांनी १८८५ साली गणितानं दाखवलं की घन पदार्थाच्या अंगावरून सरकत जाणारी एक लाट असते. भूकंपात जमिनीवरून लोळत येणारी लाट याच जातीची. प्रोबखाली पर्स्पेक्सची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची पाचर असते. तिच्यातून आवाज साधारण ६६ अंशांत तिरपा पोलादावर आला की आत न घुसता पृष्ठभाग धरून निघतो, सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेगानं. ५ मेगाहर्ट्झला लाटेची लांबी ०.६ मिलिमीटर भरते, आणि लाट जवळपास तेवढीच खोल असते. त्याखाली काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. ही एक ओळ मी आधी नीट समजून घेतली असती तर बराच त्रास वाचला असता. त्यावर येतोच.

वाटेत प्रत्येक ग्रेनच्या सीमेवर लाट थोडी थोडी विखुरते. ग्रेन लाटेच्या लांबीपेक्षा बराच लहान असेल तोवर हे विखुरणं व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं: व्यास दुप्पट झाला की आठपट, चौपट झाला की चौसष्टपट. फ्रिक्वेन्सीच्या बाबतीत तर चौथा घात, म्हणजे ती दुप्पट केली की सोळापट. जळलेली, म्हणजे भट्टीत जास्त तापून रवा जाडा झालेली पास ओळखू येते ती या हिशोबामुळे. पण ७ आणि ८ नंबरमधला फरक ५ मेगाहर्ट्झवर मला कधीच दिसला नाही. तिथं लाट इतकी कमी विखुरते की हाताच्या दाबातला फरकच जास्त मोठा ठरतो.

मी मोजतो असा. प्रोब पाशीच्या काटकोनी कडेपासून ४० मिलिमीटरवर ठेवायचा, कडेवरून परत आलेल्या इकोची (आवाजाच्या पडसादाची) स्क्रीनवरची उंची पाहायची, मग ८० मिलिमीटरवर सरकवून पुन्हा पाहायची. लाटेचा प्रवास जाऊन-येऊन ८० मिलिमीटरनं वाढतो. माझ्या चांगल्या तुकड्यांत तेवढ्यात इको ३ ते ४ डेसिबल उतरतो, जळलेल्यांत ९-१०. सहा डेसिबल म्हणजे उंची निम्मी. कड मात्र धारदार हवी. ती गोल असेल तर लाट वळण घेऊन पलीकडच्या अंगाला निघून जाते आणि आपण इकोची वाट पाहत बसतो. दिसतोय तो इको खरंच पृष्ठलहरीचा आहे का, यासाठी जुनी युक्ती आहे: तेलात बुडवलेलं बोट प्रोब आणि कड यांच्या मधे टेकवायचं. इको खाली बसला तर लाट बोटाखालूनच चालली आहे. हे मिस्त्रींना इतकं आवडलं की पहिले चार दिवस येईल त्याला ते हाच खेळ दाखवत होते.

आता त्रासाची गोष्ट. पहिल्या महिन्यात माझी रीडिंग म्हणजे नुसता गोंधळ होता. जळलेला तुकडा चांगला निघायचा आणि चांगला जळलेला. प्रोब खराब म्हणून विकणाऱ्याशी भांडलो. त्यानं फोन उचलणंच बंद केलं, ते वेगळं. शेवटी लक्षात आलं की ईएन ४५ मध्ये सिलिकॉन असतं आणि हे पोलाद भट्टीत वरच्या थरातलं कार्बन फार लवकर गमावतं. म्हणजे वरचा अर्धा मिलिमीटर पोलाद वेगळंच झालेलं. आणि माझी लाट तर तेवढ्याच थरातून चाललेली! मी पाशीची नव्हे, तिच्या सालीची तपासणी करत होतो.

उपाय दोन. एक, कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब लावून खोल जायचं. २ मेगाहर्ट्झला दीड मिलिमीटर खोली मिळते. एका ओळखीच्याकडून आणून पाहिला, पण वरचा चौथ्या घाताचा हिशोब इथं उलटा फिरतो: ग्रेनचा परिणामच इतका कमी होतो की सगळे तुकडे सारखे दिसतात. दुसरा उपाय म्हणजे तुकड्याच्या एका पट्टीवरून एक मिलिमीटर घासून काढायचा. मी तो धरला. त्यातही मेख आहे. ग्राइंडरच्या खरखरीत खुणांवरही लाट विखुरते आणि ग्रेन उगाच मोठा वाटतो, म्हणून नंतर बारीक एमरी पेपर मारावाच लागतो. एका तुकड्याला यात वीस मिनिटं जातात. “प्रोब टेकवा आणि नंबर वाचा” या भाषेत ही वीस मिनिटं कुणी सांगत नाही.

दुसरं मोठं काम तुलनेच्या तुकड्यांचं. एकाच पट्टीचे सहा तुकडे कापले. एक तसाच ठेवला आणि बाकीचे ८८० ते १२०० अंश सेल्सिअसपर्यंत वेगवेगळ्या तापमानाला तापवून हवेत थंड केले. प्रत्येकाचं एक टोक लॅबला, उरलेला माझ्याकडे. लॅबचा नंबर आणि माझे डेसिबल भिंतीवर आलेखाच्या कागदावर मांडले आणि पेन्सिलनं रेघ ओढली. माझं खरं मोजमाप ती रेघ आहे. मशीन फक्त रेघेवर कुठं बोट ठेवायचं ते सांगतं. रेघ फक्त या पोलादाची आणि फक्त हवेत थंड केलेल्या अवस्थेची. पाणी किंवा तेल दिलेल्या, म्हणजे तापवून त्यात बुडवून कडक केलेल्या पाशीवर ती चालत नाही, कारण कडक झाल्यावर ग्रेनच्या आत बारीक सुयांसारखी रचना होते आणि लाट कमी विखुरते. जळलेली पासही मग साळसूद दिसते. म्हणून तपासणी पाणी देण्याआधीच.

मे महिन्यात पुन्हा घोळ झाला. टिनाच्या शेडखाली दुपारी प्रोब हातात धरवत नव्हता. पर्स्पेक्स तापलं की त्यातला आवाजाचा वेग कमी होतो, पाचरीचा कोन बिघडतो आणि इको मरगळतो. आवाज पोलादात उतरावा म्हणून प्रोबखाली लावायचं तेलही पाण्यासारखं वाहून जायचं. तेलाऐवजी ग्रीस वापरलं आणि तपासणी सकाळी आठच्या आत उरकायला लागलो. बॅटरी चार तास टिकते, त्यामुळं लाइट नसली तरी अडत नाही. बाहेर उन्हात स्क्रीन दिसत नाही. डोक्यावर शेला घेऊन वाकून पाहावं लागतं.

चुकतं का? चुकतं. एका लॉटमध्ये दोन पाशींवर मला संशय होता. मिस्त्री म्हणाले, “मोडून पाहू ना, कायले वाद?” मोडल्या. एक खरंच जाडी निघाली. दुसरीचा रवा छान बारीक होता. मीच एमरी मारायला आळस केला होता. त्या दिवसापासून एका तुकड्याला तीन रीडिंग, प्रत्येक वेळी प्रोब उचलून नव्यानं ग्रीस लावून. तिन्ही दीड डेसिबलच्या आत असतील तरच वहीत लिहायचं.

गंमत म्हणजे आता मी पाशी कमी आणि भट्टी जास्त तपासतो. प्रत्येक घाण्याला चार कोपऱ्यांत एकेक पट्टी ठेवतो आणि पाणी देण्याआधी त्याच मोजतो. बर्नरकडच्या कोपऱ्यातली पट्टी दर वेळी ७-८ डेसिबल दाखवायची, बाकी तीन चारच्या आसपास. थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारी काडी) समोरच्या भिंतीत होता, त्यामुळं त्याला बिचाऱ्याला सगळं ठीकच वाटत होतं. तो हलवला, बर्नरसमोर विटांचा आडोसा केला, आणि तो कोपराही आता पाचच्या आत आहे.

घ्यायचं असेल तर जुनं मशीन चालेल, पण पाचर नवी घ्या. माझी एका बाजूनं झिजलेली आली होती. काचेवर एमरी पेपर ठेवून ती सरळ करण्यात रविवार गेला. ७ च्या पुढचं बारीक काम असेल तर १० मेगाहर्ट्झचा प्रोब पाहा, पण ती लाट ०.३ मिलिमीटरच खोल जाते. घासणी त्याहून नेटकी लागेल.

मागच्या आठवड्यात एक जिनिंगवाले दोन शाफ्ट घेऊन आले, “तुमच्या मशीनवर पाहून द्या” म्हणाले. पोलाद कोणतं ते त्यांना ठाऊक नाही, आणि माझ्या भिंतीवर त्याची रेघ नाही. जुन्या तुटलेल्या शाफ्टचा हातभर तुकडा घेऊन या, असं सांगितलं आहे. तो आला की पुन्हा सहा तुकडे, पुन्हा भट्टी, पुन्हा नागपूर.