गुगल ट्रेंड्स आणि कीवर्ड प्लॅनर: सांगलीत बसून नीश शोधताना आलेला अनुभव

'पैसे देणारं नीश (म्हणजे ठरावीक गिऱ्हाइकांसाठीचा नेमका छोटा विषय) कसं शोधायचं' याचे व्हिडिओ बघून कंटाळलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. मागच्या पावसाळ्यापासून गुगल ट्रेंड्स (शब्दाचा शोध कधी वाढला-घटला याचा आलेख) आणि कीवर्ड प्लॅनर (शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते जाहिरातदारांना सांगणारं) ही दोन फुकटची साधनं जवळपास रोज वापरली. मधे काही महिने पैसे भरून घेतलेलं एक टूलही होतं, त्याचं नाव घेत नाही. प्रश्न साधा होता: विश्रामबागेतल्या खोलीत बसून मराठी वेबसाइट किंवा अ‍ॅप काढायचं तर कशाचं, आणि त्यातून चार पैसे सुटतील का.

आधी ट्रेंड्स. आलेखावरचा 100 म्हणजे शंभर माणसं नव्हेत. निवडलेल्या काळात आणि भागात त्या शब्दाचा जोर सर्वांत जास्त कधी होता, तो बिंदू 100 आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत. म्हणजे गल्लीतला विषय आणि देशभरातला विषय वेगवेगळे टाकून बघितले तर दोघांचंही टोक 100च दिसणार. म्हणून एकटा शब्द कधी तपासू नये. ज्याचा आवाका आपल्याला ठाऊक आहे असा एखादा शब्द शेजारी ठेवावा. एका वेळी पाच तरी शब्द बसतात. देवनागरीत टाकलेला शब्द आणि तोच इंग्रजी अक्षरांत टाकलेला शब्द यांची मोजणी वेगळी होते. आपल्याकडं अर्धी जनता इंग्रजी अक्षरांतच मराठी टाइप करते, त्यामुळं दोन्ही तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

हंगाम कळायला मात्र याच्यासारखं दुसरं साधन नाही. 'कोयना धरण' टाका, महाराष्ट्र निवडा, काळ 2004 पासूनचा घ्या. दर पावसाळ्यात उंचवटा, बाकी वर्षभर सपाट. साहजिक आहे. 105.25 टीएमसीच्या त्या धरणाचे दरवाजे किती फुटांवर आहेत आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून 45 च्या धोका पातळीकडं निघालंय का, हे 2019 आणि 2021 बघितलेल्या सांगलीकराला जुलै-ऑगस्टमध्ये झोपताना हवंच असतं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या पोरांना पहिलं अ‍ॅप म्हणून हेच सुचतं. गर्दी खरी आहे, पण तिथं पैसा कोण देणार? वाचणारा देणार नाही, कारण तीच माहिती त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट मिळते. पुराच्या पानावर जाहिरात द्यायलाही कुणी रांग लावत नाही. समाजसेवा म्हणून जरूर करा. धंदा म्हणून त्यात दम नाही.

इथं प्लॅनर कामाला येतो. त्यासाठी गुगल अ‍ॅड्सचं खातं लागतं, पण जाहिरात चालवायची सक्ती नाही. फक्त खर्च न करणाऱ्याला आकडे ढोबळ मिळतात: 'महिन्याला 100 ते 1 हजार', '1 हजार ते 10 हजार' असे. यातून बाजार मोजायला जाऊ नका. मी दोनच गोष्टी बघतो. एक, ठिकाण 'सांगली' करून काय उरतं. दुसरी, शोधनिकालांच्या पानावरच्या वरच्या जागेसाठी जाहिरातदार क्लिकमागं किती बोली लावतात तो रकाना. बोली असेल तर त्या विषयात पैसे कमावणारं कुणीतरी आधीच आहे, एवढं नक्की. शेजारचा 'स्पर्धा' हा रकाना जाहिरातदारांमधल्या स्पर्धेचा आहे. आपली साइट वर येणं सोपं की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही. यूट्यूबवरचे गुरुजी हे सर्रास उलटं सांगतात.

पैसे भरून घेतलेल्या टूलबद्दल थोडक्यात: देवनागरी शब्दांपुढं बहुतेक वेळा शून्य, बिल डॉलरमध्ये. बंद केलं.

आता मुद्द्याचं. ही साधनं नको ते विषय बाजूला काढायला उत्तम आहेत, पण ज्यात पैसा आहे तो विषय त्यांच्यातून सापडेलच असं नाही. गुगलवर शोधणारा एक आणि खिशात हात घालणारा दुसरा, असं आपल्या भागात फार वेळा असतं. 'बेदाणा दर' शोधणारे पुष्कळ, पण दर कळल्यावर ते पान बंद करतात. याउलट नागज फाट्याच्या बाजूला एका ओळखीच्या बेदाणा शेडवर गेलो होतो. टेबलावर लांबुडकी वही, कडा डिपिंग ऑइलनं (वाळवण्याआधी द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात त्यातलं तेल) पिवळट पडलेल्या. कुणाची किती क्रेट द्राक्षं आली, कुठल्या रॅकवर टाकली, डिपिंग कधी, माल किती उतरला, 15 किलोचे बॉक्स किती भरले, त्यातले कोल्ड स्टोअरेजला किती गेले, उचल किती दिली. साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा बसतो. उतारा कमी आला की शेतकरी विचारणारच, आणि मग शेडवाले दादा पानं उलटत बसणार. 'बेदाणा शेड हिशोब' हे शब्द ट्रेंड्समध्ये टाकले तर पुरेसा डेटा नाही असं उत्तर येतं. ही अडचण गुगलवर कुणी टाइपच करत नाही.

गणित मांडून बघा. समजा जाहिरातींतून हजार पानांमागं 40 रुपये सुटले, तर महिन्याला 10 हजार मिळवायला अडीच लाख पानं उघडली गेली पाहिजेत. तेच या वहीचा हिशोब फोनवर ठेवणाऱ्या साइटसाठी 50 शेडवाल्यांनी महिना 200 रुपये दिले तरी होतं. अडीच लाख पानांपेक्षा पन्नास माणसं गाठणं सोपं, निदान तासगाव आणि कवठेमहांकाळ तालुक्यांत तरी. अडचण एकच, हंगाम मुख्यत्वे फेब्रुवारी ते एप्रिलचा. त्यामुळं मासिक वर्गणी सोडून हंगामाचा एकरकमी दर ठेवला. पैसे आधी यूपीआयवर घेतले आणि मगच ती साइट बनवायला बसलो. 'लई भारी आयडिया हाय' म्हणणारे खूप भेटले. आगाऊ देणारे मोजकेच, पण तेवढ्यावर सर्व्हरचा खर्च निघून थोडं उरतं.

प्ले स्टोअरवर अ‍ॅप अजून टाकलेलं नाही, फोनवर उघडणारी साधी वेबसाइट चालते. एकदाचे 25 डॉलर भरायला हरकत नव्हती, पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ऐन हंगामात शेडवाल्यांना त्या कामाला लावणं बरं दिसलं नसतं. तरी नीश शोधायला प्ले स्टोअर स्वतःच चांगलं साधन आहे, आणि याबद्दल फार कुणी बोलत नाही. हिशोबाच्या अ‍ॅपांचे एक आणि दोन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा. 'पावती मराठीत येत नाही', 'रेंज नसली की उघडत नाही' असल्या तक्रारी आलेखापेक्षा जास्त शिकवतात.

तारे द्यायचे तर ट्रेंड्सला चार, प्लॅनरला तीन. ट्रेंड्स उघडाच ठेवलाय, कारण आता हळदीचं बघतोय. काढणी जानेवारीपासून लागते आणि शिजवणीच्या कुकरसाठी नंबर लावायला फोनाफोनी चालते. 'हळद कुकर भाडे' या शब्दांना आलेखात काही नाही. दिवाळीनंतर कसबे डिग्रजच्या बाजूला कुकरवाल्यांना भेटायला जाणार आहे. त्यांच्यापैकी कुणी आगाऊ दिले तरच पुढचं.