संगमरवराच्या भुकटीवरचा चारकोल की मखमलीवरची फळं?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाला अँटिकच्या दुकानांत भटकायची सवय असेल आणि घरात एकोणिसाव्या शतकातलं एखादं अस्सल लोकचित्र लावायचं मनात असेल, तर या दोन प्रकारांत अडकायला होतंच. एक म्हणजे संगमरवराच्या भुकटीवर चारकोलने (चित्रकलेच्या कोळशाने) काढलेलं काळंपांढरं, ज्याला तिकडे सँडपेपर पेंटिंग म्हणतात (खरं तर ना तो सँडपेपर ना ते पेंटिंग, पण नाव पडलं ते पडलं), आणि दुसरं थिअरम, म्हणजे पांढऱ्या सुती मखमलीवर स्टेन्सिलने रंगवलेली फळांची टोपली वगैरे.

दोन्ही बहुतेक करून शाळा-अकॅडमीत शिकणाऱ्या मुलींनी काढलेली, त्यामुळे सही क्वचितच सापडते. थिअरमची फॅशन आधीची, साधारण १८१० ते १८४०, आणि ती ओसरत असताना चारकोलवाली आली, १८४० ते १८६० च्या दशकांत जोरात.

चारकोलवाल्याची करामत पृष्ठभागात आहे. जाड कागदावर किंवा बोर्डवर रंगाचा नाहीतर वॉर्निशचा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच वर संगमरवराची बारीक भुकटी भुरभुरवायची, वाळल्यावर ते बोटाला रांगोळीसारखं खरखरीत लागतं, मग त्यावर चारकोल किंवा काळा खडू घासायचा, चामड्याच्या तुकड्याने पसरवायचा, आणि चंद्र, पाण्यावरचा उजेड असलं काही हवं असेल तिथे चाकूने खरवडून खालचा पांढरा वर काढायचा. म्हणून तर यात चांदणी रात्र, तळी, पडके किल्ले, माउंट व्हर्ननला वॉशिंग्टनची समाधी असले विषय भरपूर. हडसन नदीची दृश्यं बरीचशी विल्यम हेन्री बार्टलेट या इंग्रज चित्रकाराच्या चित्रांवरून छापलेले प्रिंट समोर ठेवून काढलेली, तेव्हा 'असं दुसरं नाही' असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जा. मला मात्र नकलेतल्या चुकाच आवडतात, झाडं कापसासारखी आणि होडी घराएवढी!

थिअरममध्ये ही मजा कमी. प्रत्येक पान, प्रत्येक द्राक्ष वेगळ्या स्टेन्सिलमधून, त्यामुळे कडा नीटस आणि सगळं जरा शिस्तीतलं. पण रंग आहेत, आणि जेवणाच्या टेबलाशेजारी कुणाला पडकी समाधी नको असेल तर तेच बरं.

टिकण्याचं म्हणाल तर चारकोल म्हणजे कार्बन, उजेडाने उडत नाही, थिअरमचे रंग उडतात आणि मखमल पिवळी पडते. उलट चारकोलला स्पर्श आणि धक्का चालत नाही, भुकटी सुटते, काळं पुसलं जातं, म्हणून दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्यांनी विचार करा. फ्रेमला काचच लावा, अ‍ॅक्रिलिक नको, त्याच्या स्टॅटिकने चारकोल वर ओढला जातो. आणि काच चित्राला टेकता कामा नये.

थिअरम आजही लोक हौसेने शिकतात आणि करतात, त्यामुळे नवं जुनं म्हणून गळ्यात पडायची भीती तिथे जास्त. माझं मत चारकोललाच. दुकानात मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका मारून बघा, भुकटी असेल तर कण लुकलुकतात, साध्या छापील प्रतीत तसं दिसत नाही.