रिमॅप केलेली पोलो आणि पेट्रोलचा ऑक्टेन: 14 महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या एप्रिलमधली दुपार. खंबाटकी घाट चढत होतो, पुढे सिमेंटचा ट्रक, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. ट्रकच्या बाहेरून काढायला पाय दाबला आणि गाडीने दोन सणसणीत हिसके दिले. इंजिनाचा दिवा चारपाच वेळा लुकलुकला आणि विझला. समोरून वाहन येणार नाही एवढं बरं, पण मागून बस येत होती. शेजारी आई बसली होती. ओव्हरटेक सोडून पुन्हा ट्रकच्या मागे आलो तेव्हा हाताला घाम सुटला होता.

गाडी पोलो 1.0 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. मूळ 110 पीएस आणि 175 न्यूटन मीटर, फेब्रुवारीत स्टेज 1 रिमॅप केल्यावर, म्हणजे पार्ट न बदलता इंजिनाच्या संगणकाचं फक्त सॉफ्टवेअर बदलल्यावर, कागदावर 140 च्या आसपास. वॉरंटी आधीच संपली होती, त्यामुळे तो विषय बाजूला. रिमॅप करून देणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं, "साधं टाकू नका, 95 टाका." मी इमानदारीत 95 ऑक्टेनचं प्रीमियमच टाकत होतो.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच हात वर केले. "सर, रिमॅप केलंय ना, मग आम्ही काय बोलणार?" रिमॅपवाला म्हणाला पेट्रोल भेसळीचं असेल. पंपावरच्या मॅनेजरने घनतेचं रजिस्टर दाखवलं, आकडा बरोबर होता. तीन ठिकाणी फिरलो आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी घराजवळच्या ओळखीच्या मेकॅनिकने स्पार्क प्लग काढून हातात ठेवले. तिन्ही झिजलेले, गॅप वाढलेला. रिमॅपनंतर सिलिंडरमधला दाब वाढतो, वाढलेल्या गॅपमधून ठिणगी नीट पडत नाही आणि मिसफायर होतो. हे प्लग रिमॅपच्या दिवशीच बदलायला हवे होते, आणि ते सांगणं रिमॅप करणाऱ्याचं काम होतं. याचा राग मला अजून आहे.

नवीन प्लगांनी हिसके गेले. पण दुपारच्या घाटात गाडी जड चालायची ती चालायचीच. सकाळी सहाला तीच गाडी, तोच घाट, तेच पेट्रोल, आणि चढ नुसता पळत सुटायचा. म्हणून ओबीडी डोंगल, म्हणजे इंजिनाचे आकडे फोनवर दाखवणारं यंत्र, घेतलं आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन किती अंश मागे घेतो, म्हणजे ठिणगी किती उशिरा टाकतो, ते नोंदवायला लागलो. रिमॅप केलेली टर्बो पेट्रोल गाडी असेल तर हा एक आकडा बघायला शिका. पाठीला बसणारा धक्का, एक्झॉस्टचा आवाज, मित्राचं मत, यातल्या कशावरही पेट्रोल ठरवू नका. ठिणगीने लावलेली आग पसरत असतानाच कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटतं, त्याला नॉक म्हणतात. सेन्सरला तो ऐकू आला की ईसीयू टायमिंग मागे घेतो. इंजिन वाचतं, ताकद जाते. ऑक्टेन म्हणजे हे आपोआप पेटणं किती टाळता येतं त्याचं माप. त्यात जादा शक्ती भरलेली नसते.

माझे आकडे असे होते: सकाळी पहिला आणि दुसरा सिलिंडर शून्य, तिसरा दीड अंश. दुपारी ट्रकच्या मागे दहा मिनिटं रखडल्यावर आत येणारी हवा 58 अंश सेल्सिअस आणि तिसरा सिलिंडर साडेचार, एकदा सहा. या इंजिनाचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग, पाण्यावर चालतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. एकदा तापला की निवायला वेळ घेतो. तिसऱ्या सिलिंडरचा तो आकडा माझ्या डोक्यातून महिनाभर जात नव्हता.

मे महिन्यात 100 ऑक्टेन टाकायला सुरुवात केली. इंडियन ऑइलचं एक्सपी100 डिसेंबर 2020 मध्ये आलं तेव्हा सुरुवातीच्या दहा शहरांत पुणे होतं, त्यामुळे शहरात मिळायला अडचण नव्हती. पहिल्या टाकीला फार फरक नाही, कारण तळाशी जुनं पेट्रोल असतं. दुसऱ्या टाकीला खंबाटकीत भर दुपारी तिन्ही सिलिंडर शून्य. मी घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेऊन तो आलेख दोनदा बघितला. त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, रिमॅप केलीत तर 100 ला पर्याय नाही.

घरी एक प्रयोगही केला. मोजपात्रात 10 मिलिलिटर पाणी, त्यावर 90 मिलिलिटर पेट्रोल, झाकण लावून हलवायचं आणि अर्धा तास ठेवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे जितकं इथेनॉल तितका खालचा थर वाढतो. 95 च्या नमुन्यात खालचा थर 10 वरून 27 वर गेला, म्हणजे 20 टक्क्यांच्या आसपास. 100 च्या नमुन्यात थर 10 वरच राहिला. माझी गाडी ई20 साठी, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, बनलेली नाही, त्यामुळे हे बघून जिवाला शांतता वाटली. सरासरीही त्याच हिशेबाने: 100 वर लिटरला 14.6 किलोमीटर, 95 वर 13.6. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, तेव्हा एवढा फरक पडायचाच.

पण मग पैशांचा हिशेब मांडला. तेव्हा 100 ला लिटरमागे 160 रुपये पडत होते, 95 ला 111. किलोमीटरला जवळजवळ 11 रुपये विरुद्ध 8 रुपये 16 पैसे. माझं महिन्याचं फिरणं 1200 किलोमीटर, म्हणजे दरमहा 3360 रुपये जास्तीचे. पाच महिन्यांत 16,800. आणि गावाकडे गेलो की 100 मिळायचंच नाही, परतीच्या वाटेवर पुन्हा तोच तिसरा सिलिंडर.

ऑक्टोबरमध्ये रिमॅपची जुनी पावती हाती लागली. त्यावर गाडीत टाकलेल्या सॉफ्टवेअरचं नाव लिहिलं होतं: "93 ऑक्टेन फाइल." फेब्रुवारीत ते वाचून मी निर्धास्त झालो होतो, 93 मागतंय आणि मी 95 टाकतोय. चूक तिथेच होती. तो 93 अमेरिकन मापातला होता. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या ऑक्टेनच्या दोन मापांची सरासरी असतो, आपल्याकडचा आणि युरोपातला आकडा नुसता आरओएन. तिकडचं 87 म्हणजे आपलं साधारण 91-92, आणि तिकडचं 93 म्हणजे आपलं 98. माझी फाइल 98 साठी लिहिलेली होती आणि मी तिला तीन आकडे कमी पाजत होतो. पेट्रोलचा दोष नव्हता, पंपाचा नव्हता, गाडीचाही नव्हता.

पावती घेऊन रिमॅपवाल्याकडे गेलो. आधी म्हणाला, नवीन फाइलचे सहा हजार पडतील. मी म्हटलं, तोंडी 95 सांगायचं आणि गाडीत 98 ची फाइल टाकायची, हे सहा हजार माझ्याकडून कसले? तासभर हुज्जत झाली. माझ्याकडे पाच महिन्यांचे आलेख होते, ते टेबलावर ठेवल्यावर त्याने 95 आरओएनची फाइल फुकट टाकून दिली. वरच्या आरपीएमला थोडी धार कमी झाली, ती मला एक्स्प्रेसवेवर जाणवते. घाटात मात्र गाडी आता दुपारीही सकाळसारखी चालते, कारण जे टायमिंग मागितलंय ते तिला मिळतं. म्हणून माझं मत पार बदललं. तुम्ही रोज जे पेट्रोल भरणार आहात त्यासाठी फाइल लिहून घ्या. फाइलसाठी पेट्रोल शोधत फिरू नका.

साध्या पेट्रोलचंही सांगतो, कारण सातेक रुपयांचा फरक मलाही खुणावत होता. ई20 च्या भारतीय मानकात किमान 95 आरओएनच धरलेला आहे. जानेवारीत तीन टाक्या साधं भरलं, आकडे हुबेहूब तेच. मार्चअखेर ऊन चढल्यावर घाटात तिसरा सिलिंडर तीन अंशांवर गेला, प्रीमियम 95 वर तो दीडच्या वर जात नाही. तेव्हा पावसाळा आणि थंडीत साधं, मार्च ते जून प्रीमियम, असं ठरवलंय. पंपावर "साधं का पॉवर?" विचारतात तेव्हा मी आधी महिना बघतो.

एका गोष्टीला मात्र कुठलंच पेट्रोल पुरत नाही. सहाव्या गिअरमध्ये, 1500 आरपीएमला, चढावर पूर्ण पाय दाबणं. लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात तिथे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि प्रकरण पिस्टन फुटण्यापर्यंत जाऊ शकतं. तिथे गिअर खाली टाकणं आणि एपीआय या अमेरिकन संस्थेच्या एसपी दर्जाचं इंजिन ऑइल, हे दोनच उपाय. माझा भाऊ सरासरी वाढावी म्हणून तसाच चालवायचा, त्याला आलेख दाखवून सवय मोडायला लावली.

गेल्या रविवारी पुन्हा खंबाटकी, दुपारी अडीच, बाहेर 39 अंश, टाकीत 95, आई शेजारी. ट्रक होताच. तिसरा गिअर, पाय दाबला, गाडी सरळ निघून गेली. वर पोहोचून बघितलं: शून्य, शून्य, दीड.