टीवायनंतर बाहेर पडायचं की चौथं वर्ष करायचं?

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण 2024-25 पासून आलं. ठाण्याचं बांदोडकर, वाशीचं केबीपी (कर्मवीर भाऊराव पाटील) अशा स्वायत्त कॉलेजांत ते वर्षभर आधीच सुरू झालं होतं. त्यात तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्सची पदवी. आता टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, आलेल्या मुलांच्या घरी एकच वाद आहे: तीन वर्षांत डिग्री मिळते आहे तर आणखी एक वर्ष कशाला?

आधी हिशोब सरळ करू. पुढे एमए, एमकॉम, एमएससी करायचंच असेल, तर हे वर्ष जास्तीचं नाही. तीन वर्षांच्या पदवीवर पदव्युत्तर दोन वर्षांचं, चार वर्षांच्या ऑनर्सवर एक वर्षाचं. दोन्हीकडून पाचच वर्षं लागतात. आपल्याकडे सेमिस्टरला 22 क्रेडिट (अभ्यासाच्या भाराचं माप) आहेत, म्हणजे तीन वर्षांचे 132 आणि चार वर्षांचे 176. खरा प्रश्न एवढाच उरतो, की ते मधलं वर्ष आपल्याच कॉलेजात काढायचं की दुसरीकडे जाऊन.

ज्यांना पदव्युत्तर करायचंच नाही, त्यांनी फार विचार करू नये. एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा, तीन वर्षांचं एलएलबी, एमबीएची सीईटी या सगळ्यांना तीन वर्षांची पदवी चालते. ऑनर्स केलं म्हणून तिथे वेगळे गुण मिळत नाहीत. घरात कमावणारं माणूस एकच असेल आणि स्पर्धा परीक्षा द्यायची हे पक्कं असेल, तर चौथ्या वर्षाची फी भरण्यापेक्षा ते वर्ष अभ्यासाला द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलींनी आणखी एक गोष्ट बघावी. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार एमबीएसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत डावलून केवळ 'ऑनर्स' शब्दासाठी वर्ष घालवणं परवडणारं नाही.

संशोधनाकडे ओढा असणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे, आणि घाई तिथेच नडते.

ऑनर्सचे दोन प्रकार आहेत. साधं ऑनर्स आणि संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के लागतात आणि 12 क्रेडिटचा स्वतंत्र संशोधन प्रकल्प करावा लागतो. 2022 च्या पीएचडी नियमावलीने चार वर्षांच्या पदवीवर, एमए न करता, थेट पीएचडीचा दरवाजा उघडला. त्यालाही एकूण 75 टक्के हवेत, राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना 5 टक्क्यांची सूट आहे. 2024 पासून अशा विद्यार्थ्यांना नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षाही देता येते. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये हातात पडतात. ज्या घरात 'आणखी किती शिकणार' हा प्रश्न रोज जेवताना निघतो, तिथे या रकमेचं मोल मी वेगळं सांगायला नको.

पण एक अट नीट वाचा. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत पदव्युत्तरला 55 टक्के आणि नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) मागतात. सेटला तर पदव्युत्तर लागतंच. तेव्हा कॉलेजात शिकवायचं स्वप्न असेल तर एमए टाळून चालणार नाही. थेट पीएचडीची वाट संशोधन संस्थांकडे डोळा असलेल्यांसाठी जास्त सोयीची.

आता कुठे करायचं ते. माझी भाची ऐरोलीची, समाजशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय. टक्के चांगले आहेत, संशोधनासह ऑनर्सला बसते. तिच्या कॉलेजात विभागात कायम शिक्षक एकच, बाकी सगळे तासिका तत्त्वावर. ते तळमळीने शिकवतात, पण जूनमध्ये दिसलेले सर मार्चमध्ये असतीलच याची खात्री कुणी देत नाही. अनुदानित कॉलेजांतली पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवल्याचा फटका कुठे बसतो, तो इथे. वर्गातला तास कुणीही घेऊन जाईल. वर्षभर एका मुलीच्या प्रश्नावलीवर, मुलाखतींवर, मसुद्यावर बसायला मार्गदर्शक एकच आणि टिकणारा लागतो. प्रयोगशाळेच्या विषयांत तर हे आणखी बोचतं.

म्हणून तिच्यासमोर आम्ही दोन कागद ठेवले. एकीकडे कॉलेज: घरापासून जवळ, ओळखीचं वातावरण, मायनर (दुय्यम) विषयाच्या बाई मदतीला तयार. दुसरीकडे टीवायनंतर एमएसाठी कलिना, म्हणजे विद्यापीठाचं संकुल. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919 चा, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी उभा केलेला. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये तिथे होते. हाताशी जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, आणि संशोधन करणारे सीनियर रोज समोर. पण रोजचा प्रवासही मोजला. ऐरोलीहून ठाणे, तिथे गाडी बदलून कुर्ला, मग पश्चिमेला उतरून बसची रांग किंवा शेअर रिक्षा. सकाळी नऊला कुर्ल्याच्या पुलावर माणूस चालत नाही, ढकलला जातो. दोन वर्षं हे झेपणार आहे का, हा प्रश्न विषयाच्या आवडीइतकाच महत्त्वाचा आहे. वाशी-नेरूळकरांना हार्बरने कुर्ला थेट पडतं, त्यांचा त्रास थोडा कमी.

विषय बदलायचा असेल तर तीन अधिक दोन हाच मार्ग सोयीचा. चौथं वर्ष मेजरमध्येच खोल जातं. बीकॉमच्या मुलाला अर्थशास्त्राकडे वळायचं असेल तर त्याने तिथे अडकू नये. परदेशाचा विचार असेल तर उलट. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं 16 वर्षांचं शिक्षण मागतात, तिथे चार वर्षांची पदवी उपयोगी पडते. ब्रिटनला तीन वर्षांची चालते.

मध्येच थांबावं लागलं तर? ही भीती आपल्याकडच्या बऱ्याच घरांत खरी आहे, म्हणून आधीच बघून ठेवावी. चौथं वर्ष पूर्ण करून थांबलात तर ऑनर्सची पदवी हाती राहते. तीन वर्षांनंतर एमएला जाऊन पहिल्या वर्षी थांबलात तर पदवी आणि वर पदव्युत्तर डिप्लोमा. दोन्हीत काहीतरी पदरात पडतं. माझ्या मते ऑनर्सचं पारडं इथे किंचित जड, कारण 75 टक्के असतील तर नेटचा अर्ज त्यावर भरता येतो, डिप्लोमावर नाही.

निर्णयाआधी कॉलेजच्या ऑफिसात आणि विभागात काही गोष्टी विचाराच, आणि उत्तर लेखी मागा. चौथं वर्ष तुमच्या विषयात खरंच सुरू होणार आहे का? ते अनुदानित की विनाअनुदानित, म्हणजे फी किती? विभागात मान्यताप्राप्त पीएचडी मार्गदर्शक किती, आणि त्यातले कायम किती? महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) शिष्यवृत्तीचा अर्ज नूतनीकरणात जाईल की नव्याने भरावा लागेल? अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे तुमच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट चढले आहेत का, हे मात्र डिजिलॉकर उघडून स्वतः तपासा. एखाद्या सेमिस्टरचे क्रेडिट दिसत नसतील तर निकालाची गर्दी व्हायच्या आत पाठपुरावा करा.

भाचीचं जवळजवळ ठरलं आहे. कायम मार्गदर्शक मिळाला तर कॉलेज, नाहीतर कलिना. तिने विभागप्रमुखांना अर्ज दिला आहे, आणि मी तिला सहाव्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी उत्तर घ्यायला सांगितलं आहे.