मांजर, कुत्रा की दोन्ही? आधी घराचं वेळापत्रक मांडा

बहुतेक घरांत हा प्रश्न आवडीवर सुटतो आणि अडचणी नंतर कळतात. म्हणून आवडीच्या आधी तीन गोष्टी घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवाव्यात: रोज सकाळी कोण उठणार, घर दिवसा सलग किती तास रिकामं राहतं आणि चार दिवस बाहेरगावी जायचं झालं तर प्राण्याकडे कोण बघणार. "मी सगळं करेन" या मुलांच्या शब्दावर हिशेब मांडू नका. मुलं मदत नक्की करतात, पण जबाबदारी मोठ्यांकडेच राहते, आणि तीही १२-१५ वर्षं. आज १० वर्षांचं असलेलं मूल शिक्षणासाठी घर सोडेल तेव्हाही प्राणी घरातच असेल.

आमचं मत आधीच सांगतो. घर रोज ८ तासांहून जास्त रिकामं असेल तर मांजर, शक्यतो दोन. कोणीतरी बराच वेळ घरी असेल आणि रोज चालायला जाण्याची खरोखर तयारी असेल तर कुत्रा. दोन्ही हवे असतील तर एकाच वेळी आणू नका. पहिला प्राणी रुळल्यावर, किमान ३ ते ६ महिन्यांनी दुसरा आणा.

वेळेचा हिशेब

प्रौढ कुत्र्याला दिवसातून तीनदा तरी बाहेर न्यावं लागतं, आणि सगळं मिळून तासभर चालणं धरून चाला. कामासाठी पैदास झालेल्या चपळ जातींना तेवढंही पुरत नाही. त्याला सलग ४ ते ६ तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये. पिल्लाचं गणित आणखी कडक असतं. त्याचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. दिवसा शू रोखण्याची त्याची कमाल मर्यादा साधारण तितक्या तासांची. म्हणजे २ महिन्यांचं पिल्लू फार तर ३ तास थांबेल. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला लगेच बाहेर न्यावं लागतं. फरशीवर शू केली म्हणून रागावलात तर ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. म्हणून नोकरी करणाऱ्या घराने पिल्लाऐवजी २-३ वर्षांचा, स्वभाव कळलेला कुत्रा घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

प्रौढ मांजर ८-१० तास एकटं राहू शकतं. पण "मांजराला काही लागत नाही" या समजुतीपायी कितीतरी मांजरं कंटाळून लठ्ठ होतात किंवा घर ओरबाडत सुटतात. रोज १०-१५ मिनिटांचे दोन खेळ हवेत: काठीला दोरी, दोरीला पीस, आणि शेवटी ते पीस त्याला पकडू द्यायचं. रात्री झोपण्याआधी असं खेळवून लगेच खायला घातलं की पहाटेचा धुडगूस बराच कमी होतो.

पिल्लू आणायचं असेल तर इथे दोन्ही प्राण्यांचा नियम उलटा आहे. मांजराची एकाच वेतातली दोन पिल्लं एकत्र आणावीत, कारण किती जोरात चावायचं हे ती एकमेकांकडून शिकतात. एकटं वाढलेलं पिल्लू तोच सराव तुमच्या हातापायांवर करतं. कुत्र्याची दोन पिल्लं मात्र एकदम आणू नयेत. ती एकमेकांतच गुंतून राहतात, माणसाकडे लक्ष देत नाहीत आणि प्रत्येकाला वेगळं शिकवावं लागतं. मांजरात बहीण-भाऊ असतील तर नसबंदी लांबवू नका. मादी चौथ्या महिन्यापासूनच गाभण राहू शकते आणि नातं काही आड येत नाही.

बाहेरगावी जाताना मांजर घरीच ठेवता येतं, मात्र रोज कोणीतरी येऊन त्याने खाल्लं का हे पाहायला हवं. मांजराने दोन दिवस काही खाल्लं नाही तर यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून भांडं भरून ठेवून निघून जाणं धोक्याचं. कुत्र्यासाठी माणूस, पाळणाघर किंवा सोबत नेण्याची सोय लागतेच.

ट्रे, ताटली आणि दवाखाना

मांजराचं सुख त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेवर अवलंबून असतं. जितकी मांजरं तितके ट्रे, अधिक एक. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, वाळू ५ ते ७ सेंटीमीटर आणि बिनवासाची, सफाई रोज. ते ट्रेबाहेर शू करायला लागलं तर त्याला हट्टी ठरवण्याआधी ट्रे बघा, मग डॉक्टर गाठा. बोका सारखा ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि थेंबही येत नाही, हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

मांजर पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन (मांसातून मिळणारा एक आवश्यक घटक) कमी पडलं तर त्याचे डोळे आणि हृदय निकामी होतात, त्यामुळे कुत्र्याच्या खाण्यावर ते जगवता येत नाही. घरात मांस येणारच नसेल आणि तयार मांजर-खाद्यही नको असेल, तर मांजर आणू नका. कुत्र्याच्या बाबतीत थोडी मोकळीक असते, पण चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेला खाऊ त्याच्या तोंडी जाता कामा नये. मांजरासाठी लिलीची फुलं आणि पॅरासिटामॉल जीवघेणी आहेत. वरच्या मजल्यावर राहत असाल तर मांजर येण्याआधी खिडक्यांना जाळ्या बसवून घ्या.

लहान मुलं, म्हातारी माणसं, ॲलर्जी

घरात ५ वर्षांखालचं मूल असेल तर दोन्हींचं पिल्लू टाळा: कुत्र्याच्या पिल्लाचे दात सुईसारखे असतात, मांजराचं पिल्लू मुलाच्या मुठीत दुखावतं. मुलांची सवय असलेला शांत प्रौढ प्राणी घ्या, आणि मूल व प्राणी या दोघांना एकटं सोडू नका. कुत्रा चावण्याआधी बरंच काही सांगत असतो. तो विनाकारण जांभई देतो, ओठ चाटतो, मान वळवतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होतं, मग गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल मारलं तर तो गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. मांजर शेपटी आपटतं, कान आडवे करतं, पाठीची कातडी थरथरवतं. तिथेच हात मागे घ्यायचा.

वयस्कर माणसांना ओढणाऱ्या कुत्र्यामुळे पडण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी मोठ्या वयाचं मांजर किंवा छोटा, शांत कुत्रा बरा. ॲलर्जी कुत्र्यापेक्षा मांजराची जास्त आढळते. ती लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनामुळे होते, त्यामुळे कमी केसांचं मांजर घेऊन ती टळत नाही. जो प्राणी घेणार त्याच्याच सोबत तासाभराच्या दोन-तीन भेटी करून पाहा. घरात कोणी गर्भवती असेल तर मांजर सोडून द्यायची गरज नाही. ट्रे दुसऱ्याने रोज साफ करावा, कारण टोक्सोप्लाझ्माचा (मांजराच्या विष्ठेतून पसरणारा, पोटातल्या बाळाला धोक्याचा परजीवी) जंतू विष्ठेत संसर्गक्षम व्हायला एक दिवस तरी जातो.

दोन्ही आणायचे असतील तर

मांजरांसोबत राहिलेला प्रौढ कुत्रा आणि कुत्र्याला न घाबरणारं मांजर ही सर्वांत सोपी जोडी. शिकारी वृत्तीचा कुत्रा आणि मांजराचं पिल्लू ही सर्वांत धोक्याची.

नव्या प्राण्याला पहिले काही दिवस बंद खोलीत ठेवा. एकमेकांची अंथरुणं अदलाबदल करा, दाराच्या दोन्ही बाजूंना खायला द्या. दोघंही दाराशी निवांत जेवू लागले की जाळीच्या फाटकातून दर्शन. नंतर एका खोलीत, पण कुत्रा पट्ट्यावर आणि मांजराला चढायला उंच जागा. कुत्रा जागच्या जागी थिजून टक लावून बघत असेल, नाकासमोर खाऊ धरूनही नजर हलत नसेल, तर त्याला लगेच बाहेर न्या आणि एक पायरी मागे जा. याला काही आठवडे लागतात, कधी महिने. मांजराचं खाणं उंचावर आणि ट्रे कुत्रा पोहोचणार नाही तिथे ठेवा, कारण कुत्रे मांजराची शी आवडीने खातात.

कुत्र्याच्या मानेवर घालायच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगलं किंवा चाटलं तरी त्याला झटके येऊ शकतात. घरात मांजर आहे हे डॉक्टरांना सांगूनच औषध निवडा.

काही जोड्या कितीही प्रयत्न केले तरी जमत नाहीत. म्हणून दुसरा प्राणी आणण्याआधीच तो देणाऱ्या संस्थेला विचारा: तो कुत्र्या-मांजरांसोबत राहिलेला आहे का, आठवडाभर चाचणी म्हणून नेता येईल का, आणि जमलं नाही तर तुम्ही परत घ्याल का. उत्तर लेखी घ्या.