येवल्यातली पैठणी खरेदी: माल चांगलाच, पण काकांची अदब त्याहून भारी

भाचीच्या लग्नाच्या पैठण्या यंदा शहरातून न घेता थेट येवल्याला जाऊन घेतल्या. येवल्यात जिकडे बघाल तिकडे पैठणीच्या पाट्या, त्यामुळे कुठे शिरायचं हाच प्रश्न पडतो. आम्ही ओळखीतून एका जुन्या घरात गेलो, पुढे गादी आणि मागच्या खोलीत हातमाग. साड्यांबद्दल लिहितेच, पण आधी गादीवरच्या काकांबद्दल लिहायला हवं कारण असं वागणं हल्ली दुकानात बघायला मिळत नाही.

एक तर आवाज खाली. घाई नाही, "ताई हे बघा ताई ते बघा" नाही. आणि बजेट विचारलंच नाही! विचारलं काय तर "कार्य कधीचंय? नेसणार कोण, नवरी, नवरीची आई की मावशी?" आपण उत्तर देता देता सगळं सांगून मोकळे होतो आणि त्यांना बरोबर कळतं कुठल्या कपाटाला हात घालायचा. आता हे धंद्याचं कसब आहे हे मलाही कळतं हो, पण "तुमची रेंज काय मॅडम" असं सगळ्यांसमोर ऐकण्यापेक्षा हे हजारपट बरं.

खरी गंमत पुढे. आमच्या आईने नेमकी तीन मुनियांच्या (म्हणजे पोपटांच्या) काठाची, भरगच्च पदराची साडी उचलली आणि किंमत विचारली. काकांनी किंमत सरळ सांगितली, लपवाछपवी नाही, आणि त्याच दमात म्हणाले, "पण माई, पदर पूर्ण भरलेलाय, खांद्याला जड होईल तुम्हाला. ही नारळी काठाची बघा, दिवसभर नेसलात तरी त्रास नाही." आईने ऐटीत "हो बाई, जडच आहे" म्हणत ती बाजूला ठेवली. परवडत नाही हे तिला म्हणावंच लागलं नाही. मी बघतच राहिले.

आता याच्यासमोर मागच्या वर्षीचा अनुभव ठेवा. शहरातलं एक मोठं एसी दुकान, नाव राहू दे. तिथला सेल्समन जिभेवर साखर घेऊनच बसलेला, मला, बहिणीला आणि शेजारच्या अनोळखी बाईंना पण एकच वाक्य, "तुमच्या रंगाला काय खुलतीये!" चहा, कोल्ड्रिंक, सगळं झालं, आणि प्युअर म्हणून दिलेली साडी घरी उलटी केली तर मागे धागेच धागे लोंबतायत. बदलून द्या म्हटल्यावर तोच माणूस ओळख दाखवेना. म्हणजे गोडवा बिल फाटेपर्यंतच.

येवल्याच्या काकांनी साडी उलगडल्याबरोबर आधी पदरच उलटा केला. हाताने विणलेल्या पैठणीत पदराची नक्षी पुढून-मागून जवळपास सारखी दिसते, कारण रंगीत धागे जिथल्या तिथे एकमेकांत अडकवत विणतात, मशीनच्या मालात मागे धागे सुटे राहतात किंवा कापलेले असतात. हे त्यांनी भाषण न देता नुसतं बोट फिरवून दाखवलं. सेमी पैठणी पण ठेवतात ते, पण वेगळ्या फळीवर, आणि स्वतःहून सांगितलं, "ही मशीनची, द्यायघ्यायला छान आहे, पण हातमागाच्या भावात कुणी दिली तर घेऊ नका." रेशीम बंगळुरूकडचं, जर सुरतेची, हे पण विचारल्यावर सरळ सांगितलं, उगाच सोन्याच्या जरीच्या बाता नाहीत. पैठणीला २०१० मध्ये जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन) मिळालाय, त्याचा बोर्ड लावून मशीनचा माल खपवणारे पण आहेत म्हणे, त्यामुळे पदर उलटा करून बघायची सवय लावून घ्या आणि अस्सल रेशमाची खूण असलेला सिल्क मार्कचा टॅग मागा.

मागच्या खोलीत माग बघायला नेलं तेव्हा विणकर दादांची ओळख "हे आमचे कारागीर" अशी नाही करून दिली, नाव घेऊन, अहो-जाहो करून दिली आणि म्हणाले, "मोराचं काही विचारायचं तर यांना विचारा, मला बोलता येतं फक्त." दादा लाजून हसले आणि पुन्हा कामाला लागले, भरलेल्या पदराच्या एका साडीला कित्येक महिने जातात म्हणाले. गिऱ्हाईकाशी नम्र सगळेच असतात, मागावरच्या माणसाशीही तोच आवाज, तीच अदब, तेव्हा मला काका पटले.

तक्रारी आहेतच. भाव कमी होत नाही म्हणजे नाहीच, पण "नाही" इतकं गोड म्हणतात की भांडायलाही येत नाही, आमच्या बहिणीने तासभर घासाघीस करून शेवटी एक कापडी पिशवी मिळवली. फॉल-पिको तिथे होत नाही. बिल हाताने, सावकाश. बोळात गाडी शिरत नाही, लांब लावून चालत या. शनिवार-रविवारी शिर्डीला आलेले लोक पण इकडे वळतात त्यामुळे गादीवर बसायला जागा मिळत नाही, मधल्या वारी सकाळी जा.

५ पैकी साडेचार. अर्धा बहिणीने कापलाय, पिशवी छोटी निघाली म्हणून.